स्थळ बघताना गावही बघा

(महिला कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)

आपल्या भाषेत ‘स्थळ’ या शब्दाचे दोन अर्थ आहेत. एक म्हणजे जागा, आणि दुसरा म्हणजे लग्नासाठी सांगून आलेला मुलगा. मुलगी परदेशी द्यायची म्हटली की दुसऱ्या अर्थाच्या स्थळाची कसून चौकशी होते. शिक्षण काय, पगार किती, घरात कोण कोण, सगळं विचारलं जातं. (मुलगी ‘देणं’ या शब्दाबद्दल पुन्हा केव्हातरी बोलू.) पहिल्या अर्थाच्या स्थळाची चौकशी मात्र कुणी करत नाही. ‘न्यू जर्सीत असतो, स्वतःचं घर आहे’ एवढ्यावर सगळ्यांचं समाधान होतं. ज्या गावात आपल्या मुलीला पुढची कित्येक वर्षं काढायची आहेत, ते गाव तिच्यासाठी कसं आहे, हा प्रश्न यादीत नसतोच.

आज या प्रश्नाबद्दल बोलायचं आहे. परदेशी जाणाऱ्या मुली आणि त्यांच्या आया आपल्या केंद्रांवर सल्ल्याला येतात. बहुतेक वेळा गाडं बिनसल्यावर येतात. निघण्याआधी आल्या, तर त्यांना काय सांगायचं?

उदाहरणासाठी न्यू जर्सी राज्यातली मिडलसेक्स काउंटी घेऊ. काउंटी म्हणजे साधारण आपल्या जिल्ह्यासारखी. न्यू जर्सीत अशा २१ आहेत. मिडलसेक्समध्ये २०२० च्या जनगणनेत सुमारे ८ लाख ६३ हजार माणसं होती. एडिसन, वुडब्रिज, न्यू ब्रन्सविक अशी तिच्यात एकूण २५ गावं-शहरं आहेत. भारतीयांची वस्ती मोठी. ओक ट्री रोडवर किराणा, साड्या, मिठाई सगळं मिळतं. म्हणून ‘तिथं काय, आपलीच माणसं आहेत’ असं म्हणतात. पण आपली माणसं आहेत म्हणजे बाईला आधार आहे, असं होत नाही. हे तुम्हाला सांगायला नको.

अमेरिकेत एखाद्या काउंटीची माहिती काढणं अवघड नाही. तिथला जनगणना विभाग दरवर्षी पाहणी करून आकडे जाहीर करतो. घरांच्या किमती, भाडी, कामावर पोचायला लागणारा वेळ, बायका आणि पुरुष यांची वेगवेगळी कमाई, सगळं काउंटीवार मिळतं. प्रश्न आहे तो हे आकडे कुणाच्या जागेवर उभं राहून वाचायचे. नेहमीचा हिशोब असा : त्याचा पगार, त्यातून घराचा हप्ता, उरले किती. कुटुंबाचा म्हणून हा हिशोब जमतो. पण त्यात बाई कुठंच नसते. आपण दुसरा हिशोब मांडू. उद्या मी एकटी पडले, तर या गावात राहू शकेन का?

पहिली गोष्ट घराची. घरावरचा खर्च उत्पन्नाच्या ३० टक्क्यांच्या वर गेला, की तो झेपत नाही असं अमेरिकन सरकारच्या गृहविभागाचं माप आहे. हे माप एकट्या बाईला लावून बघा. न्यू जर्सीत किमान वेतन २०२५ मध्ये ताशी १५.४९ डॉलर होतं. आठवड्याला ४० तास, वर्षभर काम केलं तर महिन्याला साधारण २,६८५ डॉलर होतात. त्याचे ३० टक्के म्हणजे ८०० डॉलर. मिडलसेक्समध्ये एका बेडरूमच्या घराचं भाडंच याच्या दुपटीच्या वर जातं. म्हणजे किमान वेतनावरची बाई तिथं एकटीनं घर करू शकत नाही. हे आधीच ठाऊक असलं, तर शिक्षण आणि कामाचा परवाना यांचा विचार निघण्यापूर्वी होतो.

‘स्वतःचं घर आहे’ म्हटल्यावर आणखी दोन प्रश्न विचारायचे. घरपट्टी किती? २०२४ मध्ये न्यू जर्सीतली सरासरी घरपट्टी वर्षाला १० हजार डॉलरच्या पुढे गेली. शाळांचा मोठा खर्च तिच्यातून चालतो, म्हणून गाव बदललं की आकडाही बदलतो. दुसरा प्रश्न पाण्याचा. २०१२ च्या सँडी वादळानंतर याच काउंटीतल्या सेअरव्हिल आणि वुडब्रिज इथली पुरात सापडणारी घरं राज्य सरकारनं विकत घेऊन पाडली. घराच्या साध्या विम्यात पुराचं नुकसान धरत नाहीत. घर विकणाऱ्यानं पुराची माहिती लेखी द्यावी, असा न्यू जर्सीचा कायदा मार्च २०२४ पासून लागू आहे. ती मागून घ्यावी.

आणि घर कुणाच्या नावावर? शेतकरी संघटनेनं लक्ष्मीमुक्तीची मोहीम चालवली, तेव्हा सातबाऱ्यावर बायकोचं नाव लावा असं गावोगाव सांगितलं गेलं. तोच प्रश्न एडिसनमध्येही आहे. न्यू जर्सीत नवरा-बायकोनं दोघांच्या नावानं घर घेतलं, तर साधारणपणे एकाच्या लेखी संमतीशिवाय दुसऱ्याला आपला हिस्साही विकता किंवा गहाण टाकता येत नाही. खरेदीखत काउंटीच्या कचेरीत नोंदलेलं असतं आणि ते कुणालाही बघता येतं. तेव्हा ‘घर आहे’ या शब्दावर विसंबू नका, खत बघा.

दुसरी गोष्ट कमाईची. काउंटीत औषध कंपन्या आहेत, मोठी रुग्णालयं आहेत, रटगर्स विद्यापीठ आहे. कामं आहेत. पण एच-४ व्हिसावर गेलेल्या पत्नीला ती करता येतात का? २०१५ च्या नियमानं अशा काही पत्नींना कामाचा परवाना मिळू लागला, तोही नवऱ्याचा ग्रीन कार्डाचा अर्ज ठरावीक टप्प्याला पोचल्यावर. नुकतं लग्न होऊन गेलेल्या मुलीला सहसा तो नसतो. व्हिसाचे नियम बदलत असतात, म्हणून निघण्याच्या महिन्यात काय नियम आहे ते बघायचं. कामाचा परवाना नसेल, तर सोशल सिक्युरिटी क्रमांकही मिळत नाही. बँकेत तिच्या नावाची पत तयार होत नाही. स्त्री आहे किंवा विवाहित आहे म्हणून कर्ज नाकारू नये, हा कायदा अमेरिकेत १९७४ मध्ये झाला. पण पतच तयार झाली नसेल, तर त्या कायद्याचा तिला काय उपयोग? निदान बँकेतलं खातं दोघांच्या नावानं हवं, आणि ते चालवता यायला हवं.

परवाना मिळाला तरी मूल लहान असलं की पाळणाघराचा खर्च बघावा लागतो. अमेरिकेच्या श्रम खात्यातल्या महिला विभागानं २०२३ मध्ये पाळणाघरांचे दर काउंटीवार जाहीर केले. तुमच्या मुलीच्या काउंटीचा दर तिच्या संभाव्य पगाराशेजारी मांडून बघा. पुष्कळदा ‘तिनंच नोकरी सोडली’ यामागं हा हिशोब असतो. शिकायचं असेल, तर एडिसनमध्ये मिडलसेक्स कॉलेज आहे. काउंटीत राहणाऱ्यांना तिथं फी कमी पडते.

तिसरी गोष्ट रोजच्या जगण्याची. गाडीशिवाय तिला घराबाहेर पडता येईल का? एडिसन, मेटुचेन, न्यू ब्रन्सविक या स्टेशनांवरून न्यूयॉर्कला आगगाडी जाते. पण स्टेशन घरापासून लांब असलं आणि गाडी एकच असली, ती नवरा घेऊन जात असला, तर कागदावरचं सुखसोयींचं गाव तिच्यासाठी चार भिंतींचं होतं. तेव्हा स्टेशन, वाचनालय, दवाखाना आणि दुकान यांपैकी चालत काय गाठता येईल, ते नकाशावर बघायचं. आणि गाडी चालवायचा परवाना गेल्यावर लवकर काढायचा.

शेवटचा प्रश्न लग्नाच्या घाईत कुणी तोंडावर आणत नाही. मारहाण झाली तर? न्यू जर्सीत १९९१ चा घरगुती हिंसाचार प्रतिबंधक कायदा आहे. त्याखाली संरक्षणाचा आदेश मागताना व्हिसा कोणता हे आड येत नाही. घर एकट्या नवऱ्याच्या नावावर असलं, तरी न्यायालय त्याला घराबाहेर राहायला सांगू शकतं. भाड्याचं घर असेल, तर २००८ च्या कायद्यानं पीडित बाईला ३० दिवसांची सूचना देऊन भाडेकरार संपवता येतो. त्यासाठी न्यायालयाचा आदेश किंवा पोलिसांची नोंद असा पुरावा जोडावा लागतो. दक्षिण आशियाई बायकांसाठी ‘मानवी’ ही संस्था १९८५ पासून न्यू जर्सीत काम करते आहे. या सगळ्याला एक मोठी मर्यादा आहे. घटस्फोट झाला की एच-४ व्हिसाचा आधार संपतो. म्हणून काडीमोडाच्या कागदावर सही करण्याआधी वकिलाचा सल्ला घ्यायचाच.

हे कायदे न्यू जर्सीचे आहेत. कॅलिफोर्नियात किंवा टेक्सासमध्ये ते वेगळे असतील. प्रश्न मात्र तेच राहतात.

तेव्हा मैत्रिणींनो, प्रत्येक केंद्रावर एक साधा तक्ता तयार करू या. काउंटी कोणती. गाव कोणतं. एकटीच्या कमाईत भाडं बसतं का. खरेदीखतावर किंवा भाडेकरारावर तिचं नाव आहे का. व्हिसा कोणता आणि कामाचा परवाना केव्हा मिळेल. पाळणाघराचा दर. पायी पोचता येणारं स्टेशन. तिथल्या स्त्री-संघटनेचा पत्ता. पासपोर्ट आणि लग्नाच्या दाखल्याच्या प्रती तिच्याकडे आणि माहेरीही. लग्न ठरताना हा तक्ता मुलीनं स्वतः भरायचा. उत्तरं तिनं मुलालाच विचारायची. तिची कोंडी व्हायची जागा त्यात दिसेलच. आणि या प्रश्नांचा ज्याला राग येतो, त्याच्याबद्दलही काही कळेल.

लग्न मोडा, परदेशी जाऊ नका, असं मी म्हणत नाही. नोकरीसाठी एकट्या जाणाऱ्या मुलीही आता पुष्कळ आहेत. त्यांनाही हा तक्ता उपयोगी पडेल. जायचं तर गावाची सगळी माहिती घेऊन जायचं, एवढंच सांगणं आहे.