आकाशातील घाटरस्ते



आज साखरशेतहून काही मंडळी मुद्दाम आली आहेत, म्हणून आरंभ आपल्या घाटापासूनच करतो. आंधळे वळण आले की एस. टी.चा चालक समोर कोणी दिसण्याची वाट पाहत नाही. आधी हॉर्न देतो, आपली बाजू धरतो आणि मगच गाडी वळवतो. डोळ्यांवर भिस्त ठेवली, तर दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. विमानांचेही तसेच आहे. आकाश एवढे मोकळे, त्यात दोन विमानांची टक्कर व्हावी कशी, असा प्रश्न पुष्कळांना पडतो. पण आकाश मोकळे असले तरी विमानतळाजवळचे आकाश मोकळे नसते. सगळ्यांना त्याच एका पट्टीवर यायचे असते.

मुंबईत तर दोन विमानतळ जवळजवळ खेटून आहेत. जुहू 1928 चे, सांताक्रूझ दुसऱ्या महायुद्धातले. दोहोंच्या मुख्य धावपट्ट्या जवळजवळ एकाच दिशेच्या. त्यामुळे 15 जुलै 1953 रोजी एका ब्रिटिश कंपनीचे कॉमेट जेट विमान सांताक्रूझ समजून जुहूच्या आखूड पट्टीवर उतरले. 24 सप्टेंबर 1972 रोजी जपानच्या एका डीसी-8 विमानाने तीच चूक केली आणि ते पट्टीपुढे जाऊन मोडले. माणसे वाचली, हे नशीब. कसलेल्या वैमानिकांनाही डोळ्यांनी असे फसवले!

याच जुहूहून 2014 च्या ऑगस्टमध्ये पवना धरणाकडे जाणारे जलविमान सुरू झाले. ती सेवा टिकली नाही. 9 डिसेंबर 2017 रोजी गिरगाव चौपाटीसमोर अशाच विमानाचे प्रात्यक्षिक झाले. जुहूला मनोरा आहे, शेजारी सांताक्रूझचे नियंत्रण आहे, हेलिकॉप्टरांची सतत ये-जा आहे. तिथे वैमानिकाला विचारून जावे लागते. पवनेच्या पाण्यावर मात्र आखलेली पट्टी नाही. वारा फिरला की उतरण्याची दिशा फिरते, आणि लोहगड, तुंग, तिकोना भोवती उभे. पाणी आरशासारखे स्थिर असेल तर उंचीचा अंदाज चुकतो, आणि पाण्यात होडी असली तर तीही चुकवायची.

मग नियम काय? उतरण्यापूर्वी पट्टीभोवती एक चौकोनी फेरा घ्यायचा, तोही सहसा डावीकडे वळत. कारण मुख्य वैमानिक डाव्या खुर्चीत बसतो आणि त्याला पट्टी त्या बाजूने दिसते. फेऱ्याची उंची ठरलेली, बहुधा हजार फूट. प्रत्येक बाजूवर आलो की रेडिओवर आपण कोण, कुठे, हे सांगायचे. समोरासमोर आले तर दोघांनी उजवीकडे वळायचे. वाटा छेदत असतील, तर ज्याच्या उजव्या हाताला दुसरे विमान आहे, त्याने वाट द्यायची. हा फेरा म्हणजे एक प्रकारचा करारच आहे. मी कुठे असेन हे तुला ठाऊक, तू कुठे असशील हे मला ठाऊक.

करार का लागतो, तेही सांगतो. जे विमान आपल्यावर आदळणार असते, ते काचेत हलत नाही. हलणारी वस्तू चटकन नजरेत भरते; हे मात्र एका ठिपक्यासारखे जागच्या जागी राहते आणि अगदी शेवटी एकदम मोठे होते. ताशी 120 नॉटने समोरासमोर येणारी दोन विमाने सेकंदाला सुमारे सव्वाशे मीटर जवळ येतात. पाहणे, ओळखणे, ठरवणे आणि वळणे यांना साधारण साडेबारा सेकंद लागतात असे मानतात. म्हणजे दीड किलोमीटरवरचा ठिपका दिसला तरच उपयोग!

अलास्कात, जिथे जलविमाने आपल्याकडच्या रिक्षांसारखी वापरात आहेत, 13 मे 2019 रोजी केचिकनजवळ पर्यटकांची दोन जलविमाने हवेत आदळली आणि सहा माणसे गेली. हवामान चांगले होते. चौकशीत दिसले की दुसरे विमान खिडकीच्या खांबासारख्या भागांआड लपले होते. जागा दर्शवणारी यंत्रे होती, पण टक्कर होणार असा इशारा वैमानिकांना मिळाला नाही. पुढच्याच वर्षी, 31 जुलै 2020 रोजी, सोल्डोट्नाजवळ तळ्यावरून निघालेले जलविमान आणि विमानतळावरून निघालेले एक छोटे विमान एकमेकांवर आदळले, सात गेले. दोघांचे तळ वेगळे, आकाश एकच!

आपल्या देशातली सर्वांत भयंकर टक्कर चरखी दादरीची, 12 नोव्हेंबर 1996 ची. 349 माणसे. दिल्लीला येणाऱ्या आणि तिथून जाणाऱ्या विमानांना तेव्हा एकच वाट होती; फक्त उंची वेगळी राखायची. येणाऱ्या विमानाने ती मोडली आणि ते खाली आले. त्यानंतर येण्याच्या व जाण्याच्या वाटा वेगळ्या केल्या आणि टक्करीचा इशारा देणारे यंत्र मोठ्या विमानांत सक्तीचे झाले. मात्र दुसऱ्या विमानात उत्तर देणारे उपकरण चालू नसेल, तर या यंत्राला ते दिसतच नाही. छोट्या विमानांच्या बाबतीत मेख इथेच आहे.

2024 साली केंद्र सरकारने जलविमानांसाठी नवी मार्गदर्शक तत्त्वे काढली. आपल्या जयसागरात कोणी विमान उतरवील असे मी म्हणत नाही. तो बिचारा लहान. पण मोखाड्याकडे मध्य वैतरणेचा मोठा जलाशय आहे. उद्या तिथे कोणी अशी सेवा आणू म्हणाला, तर तिकीट किती हे विचारण्याआधी त्याला विचारा: फेरा कोणत्या बाजूने, किती उंचीवर, रेडिओ कोण ऐकणार, आणि होडीवाल्याला कोण सांगणार?