पंचेचाळीस मोठे की छत्तीस?



मागच्या मासिक बैठकीत दोन गटांत जुंपली, आठवतंय ना? एक म्हणाला, "आमचे ४५ हप्ते वेळेवर आले, तुमचे फक्त ३६!" दुसरा म्हणाला, "पण आमचे थकले १२, तुमचे १५!"

आता वही उघडा. पहिल्या गटाचे ६० पैकी ४५, दुसऱ्याचे ४८ पैकी ३६. वरच्या आणि खालच्या आकड्याला एकाच संख्येने भाग द्यायचा. वजाबाकी नाही हं, भागच.

४५/६० ला ५ ने भागलं, ९/१२. मग ३ ने, ३/४.
३६/४८ ला ४ ने भागलं, ९/१२. मग ३ ने, ३/४.

३ आणि ४ या दोघांनाही भाग जाईल अशी १ सोडून दुसरी संख्या नाही. इथं थांबायचं. पोरांच्या पुस्तकात याला अतिसंक्षिप्त रूप म्हणतात.

म्हणजे दोन्ही गट पाऊणच! दर चार हप्त्यांतला एक दोन्हीकडे थकलाय. तेव्हा बायांनो, भांडण सोडा. तो चौथा हप्ता कुणाचा आणि का थकला, ते तिच्या घरी जाऊन विचारा. रागावून नाही, जवळ बसून.