कोणाला काय शिकवायचं?
कारखान्यात नवा वेल्डर रुजू झाला की प्रशिक्षणाचे ढीगभर व्हिडिओ त्याच्यापुढे येतात. त्यातले त्याला नेमके कोणते हवेत, हे संगणकाला कळायचं कसं? त्यासाठी कामं, कौशल्यं आणि त्यांच्यातली नाती आधी मांडून ठेवावी लागतात. या मांडणीला म्हणतात ऑन्टॉलॉजी. युरोपीय आयोगाच्या ‘एस्को’ या वर्गीकरणात सुमारे ३,००० व्यवसाय आणि १३,०००हून अधिक कौशल्यं अशी जोडलेली आहेत. कोणतं कौशल्य आवश्यक, कोणतं ऐच्छिक, तेही नोंदलेलं. अशा मांडणीमुळे ज्याला ड्रॉइंग वाचता येतं, त्याला तो धडा वगळून थेट गॅसचा दाब तपासायला शिकवता येतं. नाती ठरवताना मात्र जुन्या फोरमनला सोबत घ्यायलाच हवं. कोणता धडा कशाच्या आधी, हे त्याला पक्कं ठाऊक असतं.