एका कर्जरोख्याची चार रूपे



वसंत व्याख्यानमालेत गणितावर बोलायला उभे राहणे म्हणजे आमरसाच्या पंगतीत कारल्याची भाजी वाढायला येण्यासारखे आहे, याची मला पूर्ण जाणीव आहे. तरीही आपण पानावरून उठला नाहीत, याबद्दल प्रथम आपले आभार मानतो.

पुण्यात न्यायमूर्ती रानड्यांनी वसंत व्याख्यानमाला सुरू केली ती १८७५ साली. त्याच वर्षी १२ मे रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे या गावी, ऐन बाजाराच्या दिवशी, शेतकऱ्यांनी सावकारांवर उठाव केला. हे लोण पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांतील अनेक गावांत पसरले. लोकांचा मुख्य रोख माणसांवर नव्हता, कागदांवर होता. कर्जरोखे मागून घ्यावयाचे आणि जाळावयाचे, हाच त्या दंग्याचा गाभा. त्या कागदांत असे काय होते की जे लिहिणाऱ्याला दिसत होते आणि अंगठा उठवणाऱ्याला दिसत नव्हते? आज मला याच प्रश्नाचे उत्तर गणिताच्या बाजूने द्यावयाचे आहे.

समजा, एका कुळाने शंभर रुपये घेतले. रोख्यातील वाक्य असे: ‘दरमहा दरशेकडा दोन रुपये व्याज.’ वाक्य साधे आहे. अक्षरशत्रूलाही ऐकून समजेल. पण हे केवळ वाक्य नव्हे. काळ किती गेला हे सांगा, म्हणजे देणे किती झाले हे ठरते. एका राशीवर दुसरी राशी अशी अवलंबून असली की गणितात पहिल्या राशीचे दुसरी ‘फल’ आहे असे म्हणतात. शब्दांत सांगितलेला नियम हे त्या फलाचे पहिले रूप. आपल्याकडे भास्कराचार्यांनी ‘लीलावती’त व्याजाचे नियम सांगितले तेही शब्दांतच, श्लोकांत बांधून.

दुसरे रूप कोष्टकाचे. बारा महिन्यांनी १२४, चोवीस महिन्यांनी १४८, छत्तीस महिन्यांनी १७२. वाण्याच्या वहीत हेच असते. कोष्टकाचा गुण असा की ते नेमका आकडा देते. त्याचा दोष असा की दोन ओळींच्या मध्ये काय झाले आणि शेवटच्या ओळीनंतर काय होणार, याविषयी ते मौन पाळते.

तिसरे रूप समीकरणाचे. महिन्यांना ‘म’ म्हणा, देण्याला ‘र’ म्हणा. र = १०० + २म. एवढ्या चिमुकल्या ओळीत सारे कोष्टक सामावलेले आहे. सतराव्या महिन्याचा आकडा हवा असेल तर वही उलटावी लागत नाही. चौथे रूप आलेखाचे. आडव्या रेघेवर महिने, उभ्या रेघेवर रुपये मांडले की शंभरापासून निघालेली एक सरळ चढती रेषा मिळते. समीकरणातील १०० म्हणजे ती रेषा जिथून निघाली ती जागा, आणि २ म्हणजे तिचा चढ. समीकरण आणि आकृती यांची अशी सोयरीक देकार्त या फ्रेंच तत्त्वज्ञाने १६३७ साली प्रसिद्ध केलेल्या भूमितीवरील ग्रंथात मांडली.

आता आपल्या जुन्या धर्मशास्त्रात दामदुपटीचा नियम होता, आणि मुंबई इलाख्यातील न्यायालयेही तो मानीत. एका वेळी वसूल होणारे व्याज मुद्दलाहून अधिक असू नये, असा त्याचा आशय. आलेखात पाहा: रेषा पन्नासाव्या महिन्यात दोनशेला पोहोचते आणि तेथून आडवी होते, जणू छपराला टेकली. किती दयाळू आकृती! मग कूळ बुडाले कसे?

१८५९ साली मुदतीचा कायदा आला. नोंद न केलेल्या साध्या रोख्यावर तीन वर्षांच्या आत दावा लावणे भाग पडले. ऋणकोचे भले व्हावे हा हेतू. पण झाले उलटे. मुदत संपण्यापूर्वी सावकार कुळाला बोलावी आणि व्याज मुद्दलात मिळवून नवा रोखा लिहून घेई. आपल्या उदाहरणात तीन वर्षांनी १७२ झाले, तेच नवे मुद्दल. कुळाने मध्ये काहीच फेडले नाही असे धरले, तर सहा वर्षांनी २९६, नऊ वर्षांनी ५०९ आणि बारा वर्षांनी ८७५ रुपये होतात.

येथे क्षणभर थांबावे. प्रत्येक रोख्यातील व्याज त्याच्या मुद्दलाच्या शेकडा ७२ एवढेच आहे. म्हणजे दामदुपटीचा नियम एकदाही मोडलेला नाही, आणि तरीही शंभराचे पावणेनऊशे झाले! रोख्यातील वाक्य बारा वर्षे तेच राहिले: दरमहा दरशेकडा दोन. शब्द बदलला नाही म्हणून कुळाला वाटले, काही बदलले नाही. समीकरण मात्र बदलले: आता दर तीन वर्षांनी आधीच्या रकमेला १.७२ ने गुणावयाचे. आणि आलेख तर ओरडून सांगतो. तिसऱ्या, सहाव्या आणि नवव्या वर्षी रेषेला कोपरा पडतो आणि ती अधिक उभी होते. पहिल्या तुकड्यात देणे महिन्याला दोन रुपयांनी वाढत होते. चौथ्या तुकड्यात ते दहा रुपयांहून अधिक वाढते. छपराला टेकण्यापूर्वीच दर वेळी छप्पर उचलले गेले होते.

दंग्यांनंतर सरकारने चौकशी आयोग नेमला आणि १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांच्या साहाय्याचा कायदा झाला. रोख्याच्या मागे जाऊन व्यवहाराचा इतिहास आरंभापासून तपासावा, व्याजाचे मुद्दल झालेले सामान्यतः धरू नये, असे न्यायालयांना सांगण्यात आले. आलेखाच्या भाषेत बोलायचे तर, शेवटचा तुकडा पाहू नका, रेषा जिथून निघाली त्या बिंदूपर्यंत मागे जा.

यातून मी जे सांगू इच्छितो ते एवढेच. शब्द, कोष्टक, समीकरण आणि आलेख हे शाळेतील चार निरनिराळे धडे नव्हेत. एकाच वस्तूकडे पाहण्याच्या या चार खिडक्या आहेत. शब्द हेतू सांगतात, कोष्टक आकडा देते, समीकरण नियम धरून ठेवते आणि आलेख चाल दाखवतो. मूल समीकरण सोडवते, आलेखही काढते. पण ‘या रेषेचा चढ दोन आहे म्हणजे महिन्याला दोन रुपये वाढतात’ हे त्याला बोलून दाखवता आले नाही, तर त्याचे गणित अर्धेच झाले. घरी मुलांना उत्तर विचारू नका. एका खिडकीतले दुसऱ्या खिडकीतून दाखव, असे म्हणा.

सावकाराची बैठक गेली म्हणून हा प्रश्न गेला, असे समजू नये. आज क्रेडिट कार्डाच्या कागदावर व्याजाचा दर महिन्याचा असतो. समजा, तो साडेतीन टक्के आहे. ऐकताना आकडा किरकोळ वाटतो. पण व्याजावर व्याज चढत गेले तर वर्षअखेर शंभराचे एकशे एक्कावन्न होतात. सही करण्यापूर्वी पाच मिनिटे काढावी, बारा ओळींचे कोष्टक लिहावे आणि कागदावर बारा टिंबे जोडून पाहावी. १८७५ सालच्या कुळाला ही सोय नव्हती. त्याने कागद जाळला. आपल्याला तो वाचता येतो.

आपण शांतपणे ऐकून घेतलेत, याबद्दल ऋणी आहे. हे ऋण मात्र बिनव्याजी आहे, असे समजून मी आपली रजा घेतो.