नुसतंच फिरायला

(जुन्नर तालुक्यातील महिला गटांच्या बैठकीत केलेलं भाषण, थोडं संपादित करून.)



रेशन, दारूबंदी, सातबाऱ्यावर बाईचं नाव, ह्या विषयांवर बोलायला मला बोलावणं येतं. ह्या वेळी निरोप आला, सायकलवर बोला. तेव्हा आमच्याच गटातली एकजण पटकन म्हणाली, "हा काय विषय झाला?" तिचा प्रश्न मी सोबत घेऊनच आले आहे.

सायकल बाईच्या हातात आली की काय होतं, हे तामिळनाडूतल्या पुदुकोट्टई जिल्ह्याने दाखवून दिलंय. १९९१-९२ साली तिथे साक्षरतेची चळवळ जोरात होती. शीला राणी चुंकत ह्या बाई तेव्हा कलेक्टर होत्या. अक्षरओळखीबरोबर सायकल शिकणं हाही मोहिमेचा भाग झाला. शेतमजूर बाया शिकल्या, दगडखाणीतल्या शिकल्या. १९९२ च्या महिला दिनी दीड हजारांवर बाया हँडलला झेंडे लावून रस्त्यावर उतरल्या. लेडीज सायकली पुरेनात, तेव्हा बायांनी जेंट्स सायकली घेतल्या. मग त्याच बऱ्या वाटू लागल्या, कारण मधल्या दांडीवर पोर बसवता येतं! टोमणे झाले, घाणेरडं बोलणंही झालं. पण पाणी आणायला, माल बाजारात न्यायला बसची आणि नवऱ्याची वाट पाहणं कमी झालं.

हे फार मोठं काम होतं, त्याबद्दल वाद नाही. पण ह्यातली प्रत्येक गोष्ट कामाची आहे. बाईने सायकल चालवावी, कारण पाणी लवकर येतं. आपल्याकडेही मागास ठरवलेल्या तालुक्यांत मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या मुलींना सायकल मिळते, ती शाळेसाठी. मिळायलाच हवी. पण बारावी झाली, लग्न ठरलं, की त्या सायकलवर कोण बसतो? धाकटा भाऊ. आणि तो ती घेऊन नदीवर जातो, जत्रेला जातो, कुठे नाही तर उगाच चकरा मारतो. त्याला कुणी विचारत नाही, कशाला निघालास?

आम्ही अकरा जणी मागच्या डिसेंबरात नाणेघाटला सायकलने गेलो. जुन्नरहून आपटाळे, चावंडच्या पायथ्यावरून घाटघर, असे तीस-पस्तीस किलोमीटर. तुमच्यापैकी कितीतरी जणींना हा रस्ता पाठ असेल. मागे शिवनेरी, पुढे चावंड, मग जीवधन. मध्ये माणिकडोह धरणाचं पाणी कधी दिसतं, कधी लपतं. गाड्या फार नाहीत. सायकलवर बसलं की भाताच्या पेंढ्याचा वास येतो, बांधावरचं बोलणं ऐकू येतं, चढ मांड्यांना कळतो. एसटीच्या खिडकीतून ह्यातलं काहीच कळत नाही. आमच्यात पंजाबी ड्रेसवाल्या होत्या, एक नऊवारीतली होती. काष्टा सायकलला फार सोयीचा, गोल पाचवारीसारखा चेनमध्ये अडकत नाही!

वाटेत एका गावात आम्हांला विचारलं, "मोर्चा हाये का?" पुढच्या गावात, "कुठल्या देवाला?" मोर्चा नाही, देव नाही म्हटल्यावर खळ्यावरची एक म्हातारी हात थांबवून म्हणाली, "मंग नुसतंच फिराया?" आम्ही हो म्हटलं. ती हसली नाही की रागावलीही नाही. जरा वेळाने म्हणाली, "म्या बी नाणेघाट लई पाह्यला. पन मोळी घिऊन. बसून न्हाई पाह्यला." भाषण तिनेच करायला हवं होतं.

नाणेघाट काय आहे, हे थोडं सांगते. सातवाहनांच्या काळात कोकणातल्या बंदरांवरचा माल ह्या घाटाने वर येई आणि जुन्नरवरून पैठणकडे जाई. घाटाच्या तोंडाशी मोठा दगडी रांजण आहे. जकातीची नाणी त्यात टाकत, असं सांगतात. थोडं खाली उतरलं की लेणं. त्याच्या भिंतींवर ब्राह्मी लिपीतला, प्राकृत भाषेतला लेख आहे, दोन हजार वर्षांपूर्वीचा. सातकर्णी राजाची राणी नागनिका हिचा तो समजतात. किती यज्ञ केले, किती गाई, किती घोडे, किती नाणी दान दिली, त्याचे आकडे त्यात कोरलेत. राजघराण्यातल्या माणसांचे पुतळेही तिथे होते, नागनिकेचाही. पुतळे गेले, नावं राहिली.

मला त्या लेखाचं अप्रूप आहे. महाराष्ट्राचा इतिहास सांगताना पहिल्या पानावर एक बाई उभी आहे आणि ती हिशेब मांडते आहे! पण तो राणीचा हिशेब. ह्या घाटाने मोळी, पाटी, पोर घेऊन चढल्या-उतरल्या त्या बायांची नावं कोणत्याही दगडावर नाहीत.

आता रस्त्याविषयी. शहरातले सायकलवाले पुरुष म्हणतात, "काय शांत रस्ता आहे!" तोच रस्ता आपल्याला घरचे सांगतात, "तिकडं सामसूम असतं, जाऊ नको." रस्ता एकच. शांत तो त्याच्यासाठी आणि सामसूम ती आपल्यासाठी. ही भीती खोटी आहे असं मी म्हणणार नाही. मोटारसायकलवर दोघं तिघं मागे लागून कट मारतात, तेव्हा मलाही घाम फुटतो. अकरा जणी होतो म्हणून ते निघून गेले. मग एकटीने जायचंच नाही का? सध्या मी इतकंच म्हणते, आधी अकरा जणींची सवय त्या रस्त्याला होऊ द्या. आणि दुसरी गोष्ट, जी कुठल्याच पर्यटनाच्या पुस्तकात नसते: तीस किलोमीटरमध्ये बाईने लघवीला जायचं कुठे? पुरुष कडेला उभा राहतो. आपण पाणीच पीत नाही आणि संध्याकाळी डोकं धरून बसतो. ग्रामसभेत हा विषय आपणच मांडायचा आहे.

बिबट्याचं काय, असं मघाशी कुणीतरी विचारलं. प्रश्न रास्त आहे, जुन्नरमध्ये बिबट्या ही गंमत नाही. उसाच्या कडेने, झुंजूमुंजूला किंवा दिवेलागणीला एकटं जाऊ नये, हे सगळ्यांनाच लागू. पण बिबट्याच्या नावाने सहल बंद होते आणि त्याच उसात भल्या पहाटे खुरपायला जाणं चालू राहतं, हे कसं?

तर पुढची फेरी महिन्याच्या शेवटच्या रविवारी. उन्हं वर आल्यावर, साडेसातला, जुन्नर एसटी स्टँडवरून. ह्या वेळी लेण्याद्रीपर्यंतच, म्हणजे नव्याने शिकलेल्यांनाही जमेल. सायकल नसेल तिने शेजारणीची मागावी, भावाची असेल तर हक्काने मागावी. हाप पायडल मारता येत असेल तरी या. हवा भरून, ब्रेक बघून या. भाकरी आणि पाण्याची बाटली आणा, आणि पाणी प्या. बाईंच्या माळ्यावर एक पंप आहे, तो मी घेऊन येते.