वाळूघाटाचा कागद गावाला ऐकू द्या



१ मे २०२३ रोजी राज्यातलं पहिलं सरकारी वाळू विक्री केंद्र आपल्या श्रीरामपूर तालुक्यात, नायगावला सुरू झालं. सहाशे रुपये ब्रास हा भाव तेव्हा पोराटोरांनाही पाठ झाला. वाहतूक धरून ती वाळू दारात केवढ्याला पडते, यावर पारावर भरपूर वादही झाले. एप्रिल २०२५ मध्ये धोरण बदललं. हे सरकारी डेपो गेले, लिलाव परत आले, घरकुलाला पाच ब्रास मोफत असं ठरलं. हेही सगळ्यांना ठाऊक आहे. पण आपल्या गावच्या घाटातून किती ब्रास उचलायला परवानगी आहे, कुठपासून कुठपर्यंत, किती खोल आणि कोणत्या तारखेपर्यंत, हे विचारून बघा. भाव तोंडपाठ असणारा माणूसही इथे गप्प होतो.

एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट. नदीत पडून असते तेव्हा एवढ्या वाळूच्या पोकळीत ढोबळमानानं आठशे लिटर पाणी मावतं. आपला काळा पाषाण पाणी धरतो तो भेगांपुरताच. काठच्या विहिरींना हळूहळू पाणी पाजते ती ही वाळू. ती गेली की पूर येऊन ओसरतो आणि विहीर मार्चमध्येच तळ दाखवते. गेलेली वाळू पावसाळ्यात परत येते, असं अजूनही पुष्कळजण मानतात. पण प्रवरेवर भंडारदऱ्याची भिंत १९२६ पासून उभी आहे, तिच्या खाली आता निळवंडे आहे. वरून येणारी बरीचशी वाळू या धरणांच्या पोटातच बसते. म्हणून उपशाला अटी आहेत. तीन मीटर किंवा पाण्याची पातळी, यांपैकी जे आधी लागेल तिथे थांबायचं. पूल, बंधारा, पाणीपुरवठ्याची विहीर यांच्यापासून अंतर सोडायचं. रात्री उपसा नाही. १० जून ते ३० सप्टेंबर तर पूर्ण बंद.

या अटी कागदावर असतात आणि कागद तहसील कार्यालयात असतो. तो गावाच्या कानापर्यंत न्यायला सामुदायिक रेडिओसारखं साधन नाही. २००६ पासून सेवाभावी संस्थांनाही असं केंद्र चालवता येतं. शिक्षणसंस्था आणि कृषी विज्ञान केंद्रांना तर येतंच. म्हसवडची माणदेशी तरंग वाहिनी तुम्ही ऐकून असाल. नगरला स्नेहालयाचा रेडिओ नगर आहे. मात्र अशा केंद्राचा आवाज दहा-पंधरा किलोमीटरपर्यंतच जातो, त्यामुळे नगरचं केंद्र श्रीरामपुरात लागत नाही. आपलं आपल्यालाच उभारावं लागेल. बोरावके महाविद्यालयासारखी संस्था अर्ज करू शकते. श्रीरामपुरात मनोरा उभा राहिला तर बेलापूरच्या बाजूचा प्रवराकाठ नक्की येईल. गोदाकाठच्या लांबच्या गावांसाठी वेगळी सोय बघावी लागेल.

या केंद्रांना स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत. आकाशवाणीच्या बातम्या घ्यायच्या, त्याही जशाच्या तशा. अनेकांना ही बेडी वाटते. वाळूपुरतं बोलायचं तर मला ती सोयीची वाटते. निवेदक त्याच गावचा, त्याची जमीन नदीला लागून. ‘काल रात्री अमक्याचा डंपर धरला’ असं त्यानं माईकवर सांगितलं, तर दुसऱ्या दिवशी त्याला शेताकडे जाणं अवघड होईल. प्रशासनानं दिलेली लोकोपयोगी माहिती वाचायला मात्र हरकत नाही. तेव्हा तहसीलदारांना लेखी पत्र द्या, आकडे मागा आणि दर सोमवारी संध्याकाळी शांतपणे वाचा: ‘अमुक घाट. मंजूर इतके ब्रास. आजवर पास निघाले इतक्यांचे. शिल्लक इतके. मुदत अमुक तारखेपर्यंत.’ बास. वाहतूक पास महाखनिज या संगणक प्रणालीतून निघतात, म्हणजे हिशेब तयारच असतो. वर एक शब्दही बोलू नका. दोनशे ब्रास शिल्लक असताना दारावरून रोज किती ट्रॉल्या जातात, ते ओट्यावर बसलेली आजी मोजतेच.

त्याला जोडून विहिरींचा कार्यक्रम करा. काठच्या पाच-सहा विहिरी ठरवा, दोरीला दगड बांधून दर आठवड्याला पाणी किती फुटांवर आहे ते मोजा आणि विहीरमालकाच्याच आवाजात सांगा. दोन हंगामांचे आकडे एकापुढे एक ऐकले की घाट आणि विहीर यांचा संबंध समजवायला माझ्यासारख्या भूजलवाल्याची गरज उरत नाही. घर बांधणाऱ्यांसाठीही वेळ ठेवा: पास पाहिल्याशिवाय ट्रॉली रिकामी करून घेऊ नका, आणि क्रश सँड चांगली धुतलेली असेल तर स्लॅबलाही चालते.

दोन पथ्यं पाळा. कुणी फोनवर बेकायदा उपशाची खबर दिली तर ती प्रसारित करू नका; तहसीलकडे पाठवा आणि देणाऱ्याचं नाव तुमच्या वहीतसुद्धा लिहू नका. आणि जाहिराती घ्यायची मुभा असली, तरी वाळूच्या ठेकेदाराची घेऊ नका. पहिल्या वर्षी वीजबिल भरायला ती फार गोड लागते.

परवाना दिल्लीहून, माहिती व प्रसारण मंत्रालयाकडून येतो. त्याला वेळ लागतो. पण पावसाळ्यातली उपशाची बंदी ३० सप्टेंबरला संपते आणि २ ऑक्टोबरला ग्रामसभा असते. त्या सभेत तलाठीभाऊसाहेबांना घाटाच्या अटी मोठ्यानं वाचायला सांगा. लाऊडस्पीकर मंदिरावर आहेच, त्याची वायर तेवढी सभेपर्यंत ओढून घ्या.