औषधाला दाद न देणारा मुडदूस

मूल चालू लागतं आणि त्याचे पाय वाकायला लागतात. मुडदूस म्हणून ड जीवनसत्त्व दिलं जातं, कोवळं ऊन दिलं जातं, तरी फरक पडत नाही. अशा वेळी आईच्या संगोपनाला बोल लावू नका, ही कळकळीची विनंती.

१९३७ साली अमेरिकेत फुलर अल्ब्राइट यांनी ड जीवनसत्त्वाला दाद न देणारा असाच मुडदूस नोंदवला. आनुवंशिक प्रकारांत सर्वाधिक आढळतो तो एक्स गुणसूत्रावरच्या ‘फेक्स’ जनुकातल्या बिघाडाचा. त्यामुळे एफजीएफ-२३ हे संप्रेरक वाढतं आणि फॉस्फेट लघवीवाटे निघून जातं. रक्तातलं कॅल्शियम बहुधा ठीक असतं, म्हणूनच निदान हुकतं. बाधित वडिलांकडून हा दोष प्रत्येक मुलीकडे जातो, मुलाकडे नाही; आईकडून मुलगा असो वा मुलगी, शक्यता निम्मी.

दुसऱ्या, फार विरळ प्रकारात पेशींना ड जीवनसत्त्वाचा संदेशच कळत नाही. यातल्या काही मुलांच्या डोक्यावर केसही नसतात.

पहिल्या प्रकारात फॉस्फेट दिवसातून अनेकदा विभागून देतात, सोबत ड जीवनसत्त्वाचं सक्रिय रूप. २०१८ मध्ये अमेरिका आणि युरोपात बुरोसुमॅब या इंजेक्शनला मान्यता मिळाली. बाळाच्या रक्तातलं फॉस्फेट तपासलंय का, हे डॉक्टरांना जरूर विचारा.